वेरूळचा शिक्का कुठे मिळेल?

वेरूळला आलेला माणूस परत जाताना बरोबर काय घेऊन जातो?

प्रश्न साधा आहे, पण विचार करून बघा. सुट्टीच्या दिवशी लेण्यांपुढे माणसांची रीघ लागते. लोक कैलास बघतात, हत्तीपाशी फोटो काढतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, रस्त्याकडेला पेरू नाहीतर भाजलेलं कणीस खातात आणि संध्याकाळच्या आत गाडीत बसतात. जवळ उरतं काय? मोबाइलमधले पन्नास-साठ फोटो. ते पुढच्या आठवड्यात लग्नाच्या आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडले जातात. पूर्वी निदान तिकिटाचा कागद पाकिटात राहायचा. वर्षा-दोन वर्षांनी पाकीट झाडताना हाती लागायचा आणि म्हणायला व्हायचं, अरे, आपण वेरूळला गेलो होतो. आता तिकीटही मोबाइलवर आलं. दारात दाखवलं की त्याचं काम संपलं.

काही जणांचा हिशेब उलटा असतो. ते वेरूळहून काही नेत नाहीत, वेरूळवर स्वतःचं काहीतरी ठेवून जातात. नाव, तारीख, बदाम, बदामातून आरपार गेलेला बाण. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ज्या दगडावर कुणी अंगठ्याएवढ्या जागेत फुलाची पाकळी कोरली, त्याच दगडावर किल्लीने कोरलेलं ‘अमुक लव्ह तमुक’.

या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मला वाटतं. आणि त्यावर एक अगदी स्वस्त उपाय आहे, रबरी शिक्का. हसू नका. आधी इतिहास सांगतो, मग म्हणणं मांडतो.

आपण इथे येऊन गेलो हे कुठेतरी उमटावं, ही माणसाची फार जुनी हौस आहे. मुंबईजवळच्या कान्हेरीला एका लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये तिथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. काय बांधलं, काय दान दिलं, यातलं काही नाही. आम्ही अमुक दिवशी इथे आलो होतो, एवढंच. हजार वर्षांपूर्वीचं अभिप्राय-पुस्तकच म्हणा ना.

आपल्या अजिंठ्याची गोष्ट तर बहुतेकांना माहीत आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी वाघुर नदीच्या घळीत शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्याच्या एका खांबावर, रंगवलेल्या चित्रावरच, त्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली. तेव्हा लेण्यात मातीचा आणि दगडांचा ढीग साचलेला होता, त्यावर उभं राहून. म्हणून आज ते नाव आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. ज्या माणसामुळे अजिंठा जगाला नव्याने कळला, त्याने पहिली गोष्ट केली ती चित्र खरवडण्याची. त्यामुळे आजच्या पोरांना नावं ठेवताना एवढं लक्षात ठेवू या, की ही खोड काही त्यांच्यापासून सुरू झालेली नाही.

पण आपल्या लेण्यांमध्ये नाव कोरण्याची आणखी एक, त्याहून जुनी रीत होती. कार्ला, नाशिक, कुडा, कान्हेरी, कुठलंही जुनं बौद्ध लेणं घ्या. तिथले ब्राह्मी लेख वाचले की व्यापारी भेटतात, धेनुकाकटचे यवन भेटतात, सुतार भेटतो, फुलमाळा करणारा माळी भेटतो, भिक्षुणी भेटतात. या सगळ्यांची नावं दगडात आहेत, कारण त्यांनी काहीतरी दिलं होतं. कुणी खांब दिला, कुणी दार करून दिलं, कुणी पाण्याचं टाकं. नाव कोरायचं तर आधी द्यावं लागायचं. वेरूळच्या जैन लेण्यांच्या वर डोंगरावर पार्श्वनाथाची मोठी मूर्ती आहे. तिच्यावर शके ११५६ चा लेख आहे आणि त्यात मूर्ती करवून घेणाऱ्या चक्रेश्वराचं नाव आहे. त्या नावाला आपण खरवड म्हणत नाही, शिलालेख म्हणतो. फरक अक्षरांच्या वळणाचा नाही, फरक देण्याचा आहे.

बरं, ज्याच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, त्या साध्या यात्रेकरूने काय करायचं? त्याच्यासाठीही आपल्याकडे सोय होती. तो जागेवर आपलं नाव लिहीत नसे, जागेची खूण स्वतःवर उमटवून घेत असे.

द्वारकेला जाऊन आलेल्या माणसाच्या दंडावर शंख-चक्राची छाप असे. तीही तापवलेल्या धातूची, म्हणजे कायमची. माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला स्वामींच्या हातून तप्तमुद्रा घेण्याची चाल आजही आहे. इतकं सोसायची तयारी नसेल त्याच्यासाठी गोपीचंदनाच्या मुद्रा. पितळेचा छोटा ठसा ओल्या गोपीचंदनात बुडवायचा आणि कपाळावर, दंडावर, छातीवर उमटवायचा. तुमच्यापैकी किती जणांच्या आजोबांच्या देवघरात असे ठसे होते? आमच्या घरी होते. शिक्का, शाई आणि कागद या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. कागद म्हणजे फक्त आपलं अंग.

दुसरी सोय वहीची. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला, काशीला, हरिद्वारला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, गुरुजी वही काढतात आणि तुमचे खापरपणजोबा कोणत्या साली कुणाला बरोबर घेऊन आले होते ते वाचून दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. तुम्ही गेलात की तुमचंही नाव त्याखाली येतं. भिंतीला धक्का नाही, नाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. कुणी म्हणेल की ही दक्षिणेची व्यवस्था होती. असेल. पण ‘मी आलो होतो’ या भुकेला तिने एक ताट वाढून ठेवलं होतं, हेही खरं.

आणि वेरूळचा स्वतःचा दाखला त्याहून मोठा आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी वेरूळला राहिले होते, ‘लीळाचरित्रा’त त्या मुक्कामातल्या लीळा आहेत. स्वामींच्या मागे त्यांच्या अनुयायांनी, स्वामी जिथे जिथे बसले, राहिले, चालले त्या जागांची नोंद करायला घेतली. त्यातून ‘स्थानपोथी’ तयार झाली. गावोगावच्या जागा, कुठलं देऊळ, कुठल्या दिशेचं दार, कुठे आसन, असं बारकाईने लिहिलेलं. महाराष्ट्राच्या जुन्या भूगोलाचं इतकं चांगलं साधन दुसरं क्वचितच सापडेल. महानुभाव भाविक आजही ही स्थानं एकेक करून वंदन करत फिरतात. स्थानाचा संबंध असलेले पाषाण घरी जपतात. स्थानांची यादी हातात घेऊन वाट चालायची, प्रत्येक ठिकाणी थांबायचं आणि त्या जागेचं काहीतरी आपल्याजवळ ठेवायचं, ही रीत मराठी माणसाने सातशे वर्षांपूर्वी बसवलेली आहे.

हीच रीत आज शिक्का आणि शाईच्या रूपात बघायची असेल तर नर्मदेवर जा. परिक्रमावासी निघताना कागद करून घेतो, जवळ वही ठेवतो, आणि वाटेतल्या आश्रमात, धर्मशाळेत, ग्रामपंचायतीत त्यावर शिक्का आणि सही घेत जातो. परिक्रमा करणाऱ्यांत आपली मराठी मंडळी किती असतात ते सांगायला नको. परत आलेल्या माणसाची ती वही बघा एकदा. फोटो बाजूला ठेवून तो वही उघडतो आणि एकेका शिक्क्यावर बोट ठेवून सांगत जातो. इथे पाऊस लागला, इथे एका म्हातारीने खिचडी दिली, इथे पाय सुजला. जांभळ्या शाईचे पुसट गोल, वाकडे लागलेले, एकावर एक आलेले. त्याच्यासाठी प्रत्येक गोल म्हणजे एक मुक्काम.

आता जपान.

माझी भाची कामानिमित्त काही महिने जपानमध्ये होती. तिने येताना आणलेल्या सामानात एक जाड कागदाची वही होती आणि तिच्या पानोपानी रेल्वे स्टेशनांचे शिक्के. लाल, निळे, हिरवे. कुठे किल्ला, कुठे डोंगर, कुठे पूल, कुठे त्या गावचा मासा. ती सांगत होती, स्टेशनात तिकिटाच्या दाराजवळ एक छोटं टेबल असतं. त्यावर शिक्का आणि शाईची गादी. वही आपली आणायची, शिक्का आपण मारायचा, पैसे नाहीत, रांग नाही, कुणाची परवानगी नाही. काही स्टेशनांत शिक्का आत ठेवलेला असतो, तो खिडकीवर मागून घ्यायचा, कारण चोरणारे तिथेही आहेत.

याचा इतिहास शोधला तेव्हा मजा वाटली. जपानी रेल्वेतला असा पहिला शिक्का १९३१ साली फुकुई स्टेशनावर ठेवला गेला, असं मानतात. फुकुई हे कुठलं स्टेशन? एइहेइ-जी या मोठ्या झेन मठाकडे जाणाऱ्यांचं. तेराव्या शतकात दोगेन या आचार्याने स्थापलेला हा मठ. म्हणजे जपानमध्ये रेल्वेच्या शिक्क्याची सुरुवात झाली ती यात्रेकरू उतरतात त्या स्टेशनावर. योगायोग म्हणावा असं त्यात काही नाही. जपानी देवळांत लाल ठशाची परंपरा आधीपासूनच होती. भाविकाने सूत्राची स्वहस्ते नक्कल करून ती मठाला अर्पण करायची आणि मठाने त्याची पोच म्हणून शिक्का द्यायचा, अशी ती मुळात पोचपावती. पुढे नुसत्या दर्शनालाही शिक्का मिळू लागला. त्याला ‘गोशुइन’ म्हणतात. वर कुंचल्याने देवळाचं नाव आणि तारीख लिहून देतात, त्याचे थोडे पैसे घेतात. शिकोकू बेटावर अठ्ठ्याऐंशी देवळांची यात्रा आहे, तिथले यात्रेकरू अशी वही भरत फिरतात.

मग रेल्वेने ती चाल उचलली. १९३० च्या दशकात शिक्के गोळा करण्याचं वेडच लागलं. युद्धात सगळं मागे पडलं. १९७० मध्ये ओसाकाचं जागतिक प्रदर्शन झालं, त्यासाठी रेल्वेने गाड्या वाढवल्या होत्या. प्रदर्शन संपल्यावर त्या गाड्यांत बसवायचं कुणाला? तेव्हा जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने ‘डिस्कव्हर जपान’ ही मोहीम काढली. आपलाच देश बघायला निघा, लहान गावांत उतरा, अशी. त्या मोहिमेत देशभरातल्या शेकडो स्टेशनांवर त्या त्या गावाची ओळख सांगणारे शिक्के ठेवले गेले. पुढे १९८७ साली रेल्वेचं खासगीकरण झालं, कंपन्या वेगळ्या झाल्या, पण टेबलावरचा शिक्का राहिला.

यातली गोम लक्षात घ्या. शिक्क्याने स्टेशन सुंदर होत नाही. पण एरवी जिथे कुणी उतरलं नसतं तिथे माणूस उतरतो. उतरला की चहा पितो, चार पावलं चालतो, दुकानात डोकावतो.

हे फक्त जपानचंच खूळ आहे असंही नाही. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवर चालणारे यात्रेकरू घडीचं कार्ड घेऊन निघतात. चर्चमध्ये, धर्मशाळेत, अगदी खानावळीतही त्यावर शिक्का मिळतो. पायी जाणाऱ्याने किमान शंभर किलोमीटर चालल्याचं या शिक्क्यांवरून दिसलं, तरच शेवटी प्रमाणपत्र. अमेरिकेने १९८६ साली आपल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी ‘पासपोर्ट’ नावाची छोटी वही काढली. उद्यानाच्या केंद्रात जायचं, तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. लहान पोरं त्यासाठी आईबापांना ओढत नेतात.

आता आपल्या इथलं बघू.

वेरूळला रेल्वे स्टेशन नाही, पण वेरूळ रेल्वेपासून कधी तुटलेलंही नव्हतं. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे घाट चढून खानदेशाकडे गेली, तेव्हा वेरूळ बघायला येणारे लोक नांदगावला उतरत. तिथून सत्तरेक किलोमीटर टांग्याने किंवा बैलगाडीने. त्या काळच्या इंग्रजी प्रवास-पुस्तकांत वेरूळचं स्टेशन म्हणून नांदगावच दिलेलं असायचं. मग १९०० च्या आसपास निजामाच्या मुलखात मनमाडहून हैदराबादकडे गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन आली. आपलं शहर रेल्वेला जोडलं गेलं, दौलताबादला स्टेशन झालं आणि वेरूळचा रस्ता निम्म्याहून कमी झाला. ती लाइन रुंद व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. मीटरगेजचे ते छोटे डबे आणि तिकिटाचं पुठ्ठ्याचं जाड कार्ड ज्यांना आठवतं, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. खिडकीतला बाबू कार्ड यंत्रात दाबायचा, खट्‌ आवाज व्हायचा, तारीख उमटायची. उतरल्यावर ते कार्ड दारातल्या टीसीला द्यावं लागे. लहानपणी ते देताना जिवावर यायचं.

पुठ्ठ्याचं तिकीट गेलं, मग संगणकाचं पातळ तिकीट आलं, आता तेही मोबाइलमध्ये गेलं. सोयीचं आहे, तक्रार नाही. पण प्रवासाचं हाताला लागेल असं काही उरलं नाही, हेही खरं आहे.

आणि गंमत बघा. वेरूळचं चित्र आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे! २०१९ साली निघालेली विसाची हिरवट-पिवळी नोट काढा आणि उलटी करा. वेरूळची लेणी आहेत. देशातल्या प्रत्येक भाजीवाल्याच्या गल्ल्यात वेरूळ आहे. पण प्रत्यक्ष वेरूळला आलेल्या माणसाला ‘तू इथे येऊन गेलास’ असं सांगणारी खूण रेल्वेच्या किंवा लेण्यांच्या दारात मिळत नाही.

सरकारला ही कल्पना अगदीच परकी आहे असंही नाही. आपल्या टपाल खात्याची सचित्र शिक्क्यांची योजना जुनी आहे. देशातल्या बऱ्याच पर्यटनस्थळांच्या टपाल कार्यालयांत त्या स्थळाचं चित्र असलेला कायमचा शिक्का असतो. पोस्टकार्डावर तिकीट लावून दिलं की ते त्यावर मारून देतात. तिकिटं जमवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, बाकी कुणाला नाही. कारण तो शिक्का टपाल कार्यालयाच्या आत असतो, कामाच्या वेळेत मिळतो, आणि पर्यटक असतो लेण्यात, तोही बहुतेक रविवारी.

जपानशी तर आपला संबंध जवळचा आहे. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकास प्रकल्प जपानच्या कर्जसाहाय्याने झाला, दोन टप्प्यांत. रस्ते सुधारले, विमानतळाचं काम झालं, अभ्यागत केंद्रांच्या भल्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. त्या केंद्रांचं पुढे काय झालं, दारं किती दिवस उघडी राहिली आणि किती दिवस बंद, ते इथल्या लोकांना मी सांगायला नको. कोट्यवधींच्या कर्जातून इमारती आल्या. फुकट शिकता आली असती ती गोष्ट मात्र राहिली.

म्हणून माझं म्हणणं.

आपल्याच पट्ट्यात पाच-सहा शिक्के ठेवावेत. पहिला छत्रपती संभाजीनगर स्टेशनवर. दुसरा दौलताबादला, किल्ल्याच्या दारात. तिसरा खुलताबादला. चौथा वेरूळच्या तिकीट खिडकीपाशी, कैलासाचा. पाचवा वेरूळलाच, पण जैन लेण्यांपाशी. घृष्णेश्वराच्या मंदिरात ठेवायचा की नाही, ते देवस्थानाने ठरवावं. जपानमध्येही देवळाचा ठसा आणि स्टेशनचा शिक्का एका वहीत नको, असं मानणारे पुष्कळ पुजारी आहेत, ते स्टेशनच्या वहीत ठसा देत नाहीत. श्रद्धेची खूण वेगळी आणि हौसेची वेगळी, हे भान आपणही ठेवायला हरकत नाही. खुलताबादच्या दर्ग्यांबाबतही तेच. शिक्का गावाचा असावा, त्या त्या श्रद्धास्थानाचा त्यांच्या इच्छेने.

जैन लेण्यांपाशी वेगळा शिक्का का? ज्यांनी वेरूळ नीट पाहिलंय त्यांना उत्तर ठाऊक आहे. वेरूळला चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्ध, मग सतरा हिंदू, शेवटची पाच जैन. येणारा माणूस सोळावं, म्हणजे कैलास, बघतो आणि ‘वेरूळ झालं’ म्हणून निघतो. फार तर दहाव्या विश्वकर्मा लेण्यात डोकावतो, ज्याला आपले लोक सुतार का झोपडा म्हणतात. तीन मजली बारावं राहतं. धबधब्याजवळचं एकोणतिसावं, सीतेची न्हाणी, राहतं. आणि एक-दीड किलोमीटर उत्तरेला असलेली इंद्रसभा तर बहुतेकांच्या गावीही नसते. बत्तिसाव्या लेण्यातलं ते छतावरचं कमळ, ती अंबिका न बघता माणूस चारशे किलोमीटर परत जातो. त्याच्या हातात कैलासाचा शिक्का मारलेली वही असेल आणि शेजारी ‘इंद्रसभा’ अशी रिकामी चौकट दिसत असेल, तर त्याची पोरगी त्याला परत जाऊ देणार नाही. मला खात्री आहे. ‘पप्पा, एकच राहिलाय’ हे वाक्य पर्यटन खात्याच्या कुठल्याही जाहिरातीहून जोरकस आहे.

आणि आता भिंतीवरच्या नावांकडे येतो.

कायदा आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा, २०१० ची दुरुस्ती. संरक्षित स्मारक विद्रूप केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पाट्याही लावलेल्या आहेत. पण चौतीस लेण्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात पहारेकरी उभा करणं शक्य नाही. हिवाळ्यात सहलींचे दिवस आठवा. एसटीच्या पाच-पाच गाड्या एकदम येतात, दोनशे पोरं उतरतात, सर शिट्टी वाजवून थकलेले असतात. त्यातला नववीतला पोरगा अंधाऱ्या विहारात खिशातली किल्ली काढतो तेव्हा त्याच्या डोक्यात काही वाईट नसतं. आपण इतक्या लांब आलो, पुन्हा येऊ न येऊ, काहीतरी राहावं, एवढंच. कान्हेरीच्या त्या पारशी प्रवाशांच्या मनातही दुसरं काय होतं?

त्या पोराला आपण फक्त ‘हात लावू नको’ म्हणतो. मग काय करू, हे सांगत नाही. त्याच्या हातात सहलीची वही दिली, शिक्के मारायला टेबल दिलं, तर त्याच्या त्या इच्छेला निदान एक वाट मिळेल. सगळेच सुधारतील असा माझा दावा नाही. बदाम कोरणारे काही जण तरीही कोरतील, त्यांच्यासाठी कायदा आहेच. पण दोनशेतल्या दीडशे पोरांना ठिकाणाचं नाव आपल्या वहीत नेता येतं हे एकदा कळलं, की आपलं नाव ठिकाणावर सोडायची गरज कमी होते. आपल्या पूर्वजांना हे कळलं होतं. त्यांनी छाप दंडावर घेतली, नाव वहीत लिहिलं.

अडचणी मला दिसतात, त्याही मांडतो.

शिक्का चोरीला जाईल. जाईल. पुन्हा करायचा. शहरातल्या शिक्के बनवणाऱ्या दुकानांत काही शे रुपयांत होतो. शाई सुकेल, गादी फाटेल. त्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लावून द्यावी लागेल, नाहीतर महिन्याभरात टेबलावर नुसती जांभळी बोटं पुसलेली दिसतील. पोरं शिक्का भिंतीवरच मारतील, ही भीती खरी आहे. म्हणून तो लेण्याच्या आत कधीच ठेवायचा नाही, तिकीट खिडकीपाशी नाहीतर बाहेरच्या चौकीत, कुणाच्या तरी नजरेसमोर, आणि साखळीने बांधून. जैन लेण्यांपाशीही तसंच. कुणीतरी त्याचे पैसे घ्यायला सुरुवात करेल, ही भीती सगळ्यांत मोठी. म्हणून ‘मोफत’ हा शब्द शिक्क्यातच कोरावा. वही विकायला हरकत नाही. ती गावातल्या बचत गटाने शिवावी, आणि जिथे आज चिनी किचेन विकतात तिथेच विकावी.

चित्रं काढायला आपल्याकडे माणसं आहेत. शहरात कलेचं महाविद्यालय आहे, तिथल्या मुलांना सांगा. एक अट मात्र असावी. प्रत्येक शिक्क्यावर मराठीत नाव पाहिजे, आणि चित्र असं की ते बघून दुसरीकडचं वाटू नये. देशभरात पर्यटनाच्या नावाने तोच तो कमळ-दिवा छापतात, तसं नको. कथाकल्पतरूमधला कोकस वाढई आठवा, ज्याने कळसाकडून खाली देऊळ कोरत आणलं अशी कथा आहे. पैठणचा कारागीर तो, आपल्याच मातीतला. त्याची छिन्नी आणि हातोडी आली तरी वेरूळ ओळखू येईल.

कुणी करायचं हे? रेल्वेला वाटेल पुरातत्त्व खात्याने करावं, पुरातत्त्व खात्याला वाटेल पर्यटन महामंडळाने, महामंडळाला वाटेल जिल्हा प्रशासनाने. म्हणून सुरुवात एका शिक्क्याने करू. दौलताबादचं स्टेशन लहान आहे. एक टेबल, एक शिक्का, एक गादी. फुकुईलाही सुरुवात एकाच शिक्क्याने झाली होती.

मी रेल्वेच्या विभागीय कार्यालयाला आणि पुरातत्त्व खात्याच्या आपल्या मंडळाला असं पत्र लिहितो आहे. साध्या मराठीत, एका पानाचं. ज्यांना पटतंय त्यांनी आपापल्या नावाने लिहावं, एकाच मजकुराच्या शंभर प्रती नकोत. शाळांमधल्या शिक्षकांनी तर आवर्जून लिहावं, कारण शिट्टी त्यांनाच वाजवावी लागते. आणि ज्यांच्या घरात परिक्रमेची शिक्क्यांची वही आहे, त्यांनी ती एकदा काढून घरातल्या लहानांना दाखवावी. कशासाठी मागतोय, ते मग त्यांना वेगळं सांगावं लागणार नाही.

तोवर वेरूळला गेलात तर एक करा. कैलास बघून झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. उत्तरेला इंद्रसभेपर्यंत जाऊन या. शिक्का नसला तरी कमळ आहे.